बुटाची दुहेरी गाठ

मी शाळेत पी.टी.चा मास्तर. गळ्यात शिट्टी, आणि तरुणपणी तालमीत घाम गाळल्याचा माज अजून अंगात. दमणं हा प्रकार मी कधी आजारात धरलाच नाही. दमतो तो आळशी, असं माझं साधं गणित. ते मी शाळेतल्या मुलांना लावलं आणि घरी बायकोलाही लावलं. हे लिहिताना लाज वाटते.

सुरुवात तिच्या बोटांपासून झाली. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली की बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. थंडीत ती माझे लोकरी मोजे हातात घालून बसायची आणि मी पाहुण्यांना सांगायचो, "या, आमच्या बॉक्सरला भेटा." ती हसायची. मग बोटं सुजली, अंगठी निघेना, हाताची कातडी ताठ झाली. संधिवाताच्या डॉक्टर बाईंनी नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. शरीराला आतून सांधून धरणारं जे असतं, तेच घट्ट होत जातं. म्हणून नुसत्या बोटांवर नाही, हृदय आणि फुप्फुसांवरही लक्ष ठेवायचं. जमेल तेवढं चालायचं, असंही त्या म्हणाल्या. त्यातलं 'जमेल तेवढं' मी गाळलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तिला रंकाळा तलावावर न्यायला लागलो. अख्खी फेरी, मध्ये बसायचं नाही. मी पुढं, ती मागं.

"अगं, चल की! गोगलगाय बरी तुझ्यापेक्षा."

"आले की. तुम्ही व्हा पुढं."

काही महिने बरे गेले. मग तिच्या बुटाची लेस सुटायला लागली. वळून बघावं तर ही कट्ट्यावर बसून लेस बांधतेय. एका फेरीत तीनदा, चारदा. एके दिवशी माझं डोकं फिरलं. "पहिलीतल्या पोरांना येतंय गं हे!" म्हणत मी भर रस्त्यात खाली बसलो आणि तिच्या दोन्ही बुटांना अशी दुहेरी गाठ मारली की सुटता सुटू नये. फिरायला आलेले चार जण बघून हसले, मास्तर बायकोच्या पाया पडतोय म्हणून. मलाही वाटलं, काय गुणी नवरा आहे मी! त्या दिवशी ती न थांबता चालली. घरी आल्यावर मात्र बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. मी चहा मागितला, तो तिनं केला.

पुढच्या तपासणीला डॉक्टर बाईंनी तिला विचारलं, "चढताना दम लागतो का?"

उत्तर मी दिलं. "दम कसला, मॅडम! रोज रंकाळ्याची अख्खी फेरी मारतीय. मी चालवतोय की!"

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. तरीही बाईंनी हृदयाचा इको लिहून दिला. या आजारात त्रास नसला तरी दर वर्षी करायचा असतो, म्हणाल्या. मी तो कागद फाईलमध्ये सारला. एवढी चालणारी बाई, हिला कशाला इको?

त्याला वर्ष होत आलं तेव्हा आमच्याच जिन्यात तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मग इको झाला, नंतर हृदयापर्यंत नळी घालून तपासलं. फुप्फुसात रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्या होत्या, त्यांतला दाब वाढला होता आणि हृदयाची उजवी बाजू त्या ओझ्यानं ताणली होती. फाईल चाळताना बाईंच्या हाताला तो जुना कागद लागला. त्यांनी तारीख बघितली.

"सर, तेव्हा यांना खरंच दम लागत नव्हता?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. औषधं आहेत, म्हणाल्या, पण तेव्हाच सुरू केली असती तर हृदय इतकं ताणलं नसतं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

औषध सुरू करण्याआधी तिला दवाखान्याच्या लांब बोळात सहा मिनिटं चालवून बघायचं होतं. घड्याळ घेतलेल्या नर्सनं मला खुर्चीत बसवलं. "सर, तुम्ही काही बोलायचं नाही. त्यांना वाटेल तिथं त्या थांबतील." शिट्टीवर पोट भरणारा मी गप्प बसलो. गडबडीत ती बुटांऐवजी घरातल्या रबरी सपाता घालूनच आली होती. ती चालायला लागली. इतक्या वर्षांत तिला मी असं मागून चालताना कधी बघितलंच नव्हतं.

चौथ्या मिनिटाला ती थांबली. भिंतीवर हात, खांदे वरखाली होतायत. तेवढ्यात तिला मी आठवलो असणार. तिनं वळून माझ्याकडं बघितलं आणि घाईघाईनं पायाशी वाकली.

"काय झालं, काकू?" नर्सनं विचारलं.

"काय न्हाय," माझ्याकडं बघतच ती म्हणाली, "लेस सुटलीय."