कॉम्प्युटरचं मखमली कव्हर

साजगावच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी बायकोकडून त्याच्यासाठी मखमली कव्हर शिवून घेतलं. पडदा आणि बटणं तेवढी उघडी, बाकी पाठीमागच्या जाळीसकट सगळं झाकलेलं. चालू असतानाही ते काढू द्यायचे नाहीत. "धूळ बसते गं," म्हणायचे.

त्यावर दिवसभर मीच काम करायचे. दुपारनंतर पडद्यावरची अक्षरं थरथरायची, मग एकही बटण चालायचं नाही. "तुझाच हात लागला की कसा अडकतो गं हा?" ते सगळ्यांसमोर विचारायचे. मी उठले की खिशातला रुमाल काढून बटणं पुसायचे आणि मगच बसायचे. दुसरं कोणी उठलं तर रुमाल निघायचा नाही. मी बौद्धवाडीतून यायचे, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

मुंबईहून इंजिनियर यायचा त्या दिवशी मात्र हेडक्लार्क सकाळीच कव्हर घडी करून कपाटात ठेवायचे. पाहुण्यासमोर मशीन चकचकीत दिसायला हवं ना! मग बिघाड दिसणार कुठून? "वापरणाऱ्याची चूक," असं सांगून तो निघून जायचा.

पुढच्या खेपेला माझं डोकंच फिरलं. कपाटातलं कव्हर काढून मी त्याच्यापुढे आपटलं. "हे असतं याच्यावर, चालू असताना!"

तो हसला. "अहो, मग आतली गरम हवा जाणार कुठून?"

"आमाला कोणी सांगितलंच नाय," हेडक्लार्क म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. मी खुर्चीवरून उठले. हेडक्लार्कनी खिशात हात घातला आणि रुमाल काढला.