घरात कोण न्हाय

मी हुपरी सोडली त्या सकाळी आमच्या घरात पाच बायका होत्या. अव्वा, म्हणजे माझी आई, डाग द्यायच्या बत्तीच्या ज्योतीपुढं बसून चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडत होती. काकी घुंगरं ओवत होती. दोघी धाकट्या बहिणी माझी ट्रंक बांधत होत्या, आणि मी उंबऱ्यात चपला घालत होते. लग्नाला महिना झालेला, नवरा कोडोलीचा, मला नोकरी लागलेली कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. तेवढ्यात शेठचा माणूस तयार माल न्यायला आला आणि बाहेरूनच ओरडला, "घरात कोण हाय का?"

अव्वानं मान वर न करता सांगितलं, "कोण न्हाय."

तो गेला. अप्पा, म्हणजे वडील, दाढी करायला गेले होते, म्हणजे घरात कोण नव्हतं. त्याला पटलं, तिलाही पटलं. ज्या पैंजणांसाठी तो आला होता ते तिच्या मांडीवर होते.

"अव्वा, मग आपण पाचजणी काय भुतं हाय व्हय?"

"निघ आता. एसटी चुकंल," ती म्हणाली.

हुपरीतल्या, कोडोलीतल्या ज्या पोरी अजून तिथंच आहात, आणि ज्या माझ्यासारख्या ट्रंक उचलून निघालात, तुम्हा सगळ्यांना हे लिहिते आहे. तुमच्या घरातही कोण नसतं, मला माहीत आहे.

कोल्हापुरात आल्यावर मी एका महिला संघटनेत जायला लागले. पत्रकं लिहायला तिथं शिकले. पहिलं वाक्य कानफटात बसलं पाहिजे, दुसऱ्यात मागणी, तिसऱ्यात सभेची वेळ, असा आमचा खाक्या. माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक अव्वावर होतं. मथळा मोठ्या टायपात: 'घरात कोण आहे?' एसटी स्टँडवर, दवाखान्यांच्या दारात, बाजारात आम्ही ते वाटलं. पुरुषांनी त्यात भजी बांधून नेली. बायकांनी घडी घालून पिशवीत ठेवलं आणि "छान लिहिलंय हां" म्हणाल्या. त्या "छान"चा मला भजीपेक्षा जास्त राग यायचा.

शहर सुधारलेलं असतं, हा आमचा गावाकडचा गैरसमज. राजारामपुरीत खोली मी शोधली, भाडं मी ठरवलं, आणि मालकीणबाई म्हणाल्या, "मिस्टरांना घेऊन या, मग किल्ली देते." शिवाजी, माझा नवरा, कोडोलीहून आला. उसाला पाणी पाजून थेट एसटीत बसलेला, पायाचा चिखल वाळलेला. बाईंनी त्याला चहा दिला, न्याहाळलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. जिन्यात त्यानं ती माझ्याकडे दिली. "धर. माझी परीक्षा झाली," म्हणाला. पुढच्या चार वर्षांत तो त्या खोलीत महिन्यातून दोनदा राहिला असेल. भाडेपावती त्याच्या नावाची.

मग बाईंच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मला खोली सोडायला सांगितलं. दुसरी खोली बघायची म्हणजे पुन्हा नवऱ्याची वरात, पुन्हा चहा. मला ते नको होतं. लांबच्या एका कॉलनीत एक खोली आणि स्वयंपाकघर एवढा फ्लॅट बघितला. बिल्डरनं महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं. फ्लॅट हातचा गेला असता तर मला कोडोलीला परतावं लागलं असतं; सासूबाई निरोप धाडतच होत्या, "झाली की हौस, आता ये घरी." दवाखान्यात सकाळी सातला रक्ताचे नमुने घ्यायचे असतात. कोडोलीहून त्या वेळेला पोचता येत नाही. म्हणजे फ्लॅट गेला की नोकरी गेली. आणि नोकरी गेली की मी पण अव्वाच्या रांगेत.

कर्जाचा अर्ज मी एकटीच्या नावानं भरला. पगार माझा, हप्ता माझ्या पगारातून जाणार. शिवाजीकडे सॅलरी स्लिप नाही, ऊस आहे, आणि जमीन भावांबरोबर सामाईक. तोच म्हणाला, "माझं नाव कशाला? मी काय तिथं ऱ्हाणार हाय?" इतकी साधी गोष्ट. ती शेतकऱ्याला कळली. बँकेच्या मॅनेजरला टायसकट कळली नाही.

"मिस्टर कुठं असतात?"

"कोडोलीत. शेती करतात."

"मग सोबत राहत नाही तुम्ही." त्यानं आवाज खाली आणला. "काही वाद वगैरे? स्पष्ट सांगा, संकोच नको."

नवरा चांगला माणूस आहे, हे मला त्या टेबलापुढं तीनदा सांगावं लागलं. एकट्या पुरुषानं अर्ज केला तर त्याला कुणी विचारतं का, की बायकोशी पटतं ना? पुढं तो म्हणाला, "उद्या बाळंतपण आलं तर हप्ता कोण भरणार?" मी म्हटलं, "उद्या तुमचा पाय मोडला तर ही खुर्ची कोण सांभाळणार, हे बँकेनं विचारलंवतं का?" त्याला आवडलं नाही. टेबलाच्या काचेखाली लक्ष्मीचा फोटो होता, रोज ताजं फूल. तिलाही मिस्टरांची सही मागितली असणार.

सही तर सही, म्हणून शिवाजीला नेलं. मॅनेजरनं खुर्ची वळवली, चहा मागवला आणि व्याजापासून विम्यापर्यंत सगळं त्याला समजावलं. माझ्याकडे फक्त पाठ. शिवाजीनं शांतपणे बशीत चहा ओतून पिला आणि म्हणाला, "सायेब, मला काय सांगतायसा? मी नुसता सोबत आलोय. कर्ज तिला पायजे, तिला सांगा की."

शेवटी मी आमचं संघटनेतलं हत्यार काढलं. म्हटलं, "विवाहित बाईला एकटीला कर्ज मिळत नाही, असा नियम असेल तर तेवढं लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी." लिहून द्या म्हटलं की ही माणसं कशी मऊ पडतात! नियम नव्हताच. होती ती सवय. फाइल पुढं सरकली. "पाहणीला माणूस येईल," एवढंच तो म्हणाला.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते. तरी सांगणार, कारण दुसऱ्यांची लाज काढायला मी कधी मागं राहिले नाही.

दोन दिवसांनी दुपारी ड्यूटीवरून येऊन मी मोरीत धुणं धूत होते. दार लोटलेलं. जिन्यात पुरुषाचा आवाज आला, मोठा आणि सरकारी, "घरात कोण आहे का?"

आणि मी आतून ओरडले, "कोण न्हाय!"

विचार न करता. शर्टाची कॉलर घासत. पावलं खाली गेली, मी चादर पिळली. थोड्या वेळानं मालकीणबाई वर आल्या, "अगं, बँकेचा माणूस आलता की, भेटला का?" मी फेसाळलेल्या हातांनी रस्त्यापर्यंत पळाले. गाडी वळून गेली होती.

पत्रकाचा तो मथळा मीच बसवला होता. प्रुफं मी तपासली होती. आणि मोरीत माझ्या तोंडून अव्वा बोलली. तीही आपल्या मनानं बोलली नव्हती; तिच्या आईनं, आजीनं घोटवून दिलेलं बोलली.

महिना संपायला चार दिवस. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले तर मॅनेजर फाइल मिटून बसलेला. "अर्जदार घरी आढळला नाही, असा रिपोर्ट आहे. आता नव्यानं अर्ज करा, पुढच्या महिन्यात." पाहणीला आलेला तरुण कारकून बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "आतून सांगितलं की कोण नाही म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"बाई होती कोणतरी."

"अर्ज कुणाचा हाय?"

त्यानं फाइल उघडली, नाव वाचलं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजूबाजूची टेबलं हसायला लागली. हसणाऱ्यांत बायकाही होत्या. मी म्हटलं, "चला, आत्ता चला. रिक्षाचं भाडं मी देते." मॅनेजर काही बोलायच्या आत तो पोरगा पेन घेऊन निघाला. त्याचं भलं होवो, त्या इमारतीत लाज वाटलेला तो एकटाच.

खोलीशी आलो. मी आत गेले, दार लोटलं आणि म्हटलं, "विचारा आता."

"अहो ताई, राहू दे. दिसताय की तुम्ही."

"काल नव्हते दिसत. विचारा."

जिन्यात मालकीणबाई कान लावून. बिचाऱ्यानं घसा साफ केला. "घरात कोण आहे का?"

"मी हाय," मी म्हटलं. "लिवा."

त्यानं लिहिलं. कर्ज झालं, महिनाअखेरीला एक दिवस उरला असताना. मॅनेजरनं सहीच्या वेळी पेढा मागितला. मी पत्रक दिलं.

हुपरीला मी अजून 'घरी जाते' असंच म्हणते. जिभेला दुसरा शब्द सापडत नाही. बत्तीचा वास आला की मी लहान होते. पण तिथं कुणी हाक मारली की अव्वा अजूनही तेच उत्तर देते, अप्पा नसले की घर रिकामं. कितीदा भांडले. "सवय हाय गं," म्हणते, आणि कड्या जोडत राहते. पत्रक तिनं देवाच्या फळीवर ठेवलंय, न वाचता. तिला वाचता येत नाही.

माझ्या फ्लॅटमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा गॅसवाला खालून ओरडला, "घरात कोण हाय का?" ती मेथी निवडत होती. तोंड उघडलं, आणि थांबली. स्वयंपाकघर बघितलं, मला बघितलं. मी मुद्दाम मेथीची जुडी पुढं ओढली.

मग ती पदर खोचून दारात गेली. साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "हाय की! आमी हाय. वर या पावणं, टाकी आत आणून ठेवा." गॅसवाल्यानं विचारलं, "मालक?" अव्वा म्हणाली, "आमीच."

परत आली आणि काही झालंच नाही अशी मेथी निवडायला बसली. कान मात्र लाल झाले होते.

हुपरीला पोचली की ती पुन्हा कोण नसते. म्हणून जायच्या दिवशी मी मुद्दाम चहा उशिरा टाकते, पिशवी लपवते, चपला सापडू देत नाही. ती दारात उभी राहून ओरडते, "अगं, एसटी चुकंल!" चुकतेच.