सेवेचा रिकामा रकाना

"मॅडम, सगळ्यांनी फॉर्म भरलेत. फक्त सातवा प्रश्न कोणीच नाय भरला," असे म्हणून मनालीने फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

सातवा प्रश्न होता : 'आपण गुरुद्वाऱ्यात कोणती सेवा करता आणि किती वेळ?' नाव, वय, व्यवसाय, शिक्षण सगळे व्यवस्थित भरलेले. सातव्यापुढे कोरे. एकाने छोटी रेघ मारली होती. एकाने 'वाहेगुरू' लिहिले होते. ते कशात मोजायचे, मला कळेना.

मी पालघरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते आणि पीएचडीची गाइड आहे. गाइड म्हणजे प्रबंधावर सही करणारी आणि सही होईपर्यंत विद्यार्थ्याच्या मागे लागणारी व्यक्ती. मनाली तरे जवळच्या दांडी गावची. दिवसा एमआयडीसीतल्या एका ऑफिसात नोकरी, संध्याकाळी प्रबंध. कॉलेजात असताना ती बोईसरला क्लासला जायची आणि दुपारी लंगरमध्ये, म्हणजे तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या मोफत पंगतीत, जेवायची. तिथेच तिला विषय सापडला : शीख तत्त्वज्ञानातील सेवा. पहिले सहा प्रश्न वाट करून देण्यापुरते होते. प्रबंध उभा होता सातव्यावर.

युनिव्हर्सिटीने शेवटची मुदतवाढ दिली होती. महिनाअखेर समितीपुढे डेटा दाखवायचा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द.

"का भरला नाही, विचारलंस का?"

"विचारलं ना. हसतात. मग जेवायला बसवतात."

रविवारी मनालीला घेऊन मी स्वतः गुरुद्वाऱ्यात गेले. डोक्यावर ओढणी, क्लिपबोर्ड, जादा पेने. स्वयंपाकघरात सुरजितसिंग भेटले. त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. ते भल्यामोठ्या पातेल्यातली डाळ ढवळत होते आणि घामाने भिजले होते.

"आप यहाँ क्या सेवा करते हैं?" मी विचारले.

"मैं? कुछ नहीं जी," ते म्हणाले आणि पातेले उचलले. "ज़रा हटना मॅडमजी, गरम है."

मी हटले, आणि तिथेच माझ्या लक्षात आले. शीख विचारात हौमै नावाची कल्पना आहे. हौमै म्हणजे मीपणा. माणूस आणि परमेश्वर यांच्यामधली भिंत ती हीच. सेवा हा ती भिंत पाडायचा उपाय. पण केलेली सेवा सांगत सुटलात, की भिंत पुन्हा उभी. आम्ही या लोकांना फॉर्म देऊन विटा रचायला सांगत होतो. हौमैचे सगळे विवेचन मनालीच्या दुसऱ्या प्रकरणात होते. प्रश्नावली तिसऱ्या प्रकरणासाठी होती. दोन्ही आम्ही वाचली होती, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत.

मी लगेच पद्धत बदलली. स्वतःबद्दल नको, शेजारच्याबद्दल सांगा. सुरजितसिंग खुलले.

"बीजी का लिखो. बीजी तो सुबह से..."

कोपऱ्यात मटार सोलणाऱ्या आजींनी मान वर केली. त्याच बीजी. "सुरजीते, चुप कर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुत्तर, काट दे." मी खोडले. त्यांनी माझ्या हातातला क्लिपबोर्ड काढून लाटणे दिले.

मी लाटत बसले. माझ्या पोळ्या गोल येतात. तिथे कोणी तसे म्हणाले नाही. कोणीतरी म्हणावे असे मला दोनदा वाटले.

परतताना रिक्षात मनाली म्हणाली, "दांडीला हा प्रश्न विचारला असता ना मॅडम, तर कोणी जास्त केलं यावरून आमच्या आळीत भांडणं लागली असती."

महिनाअखेरच्या समितीत दोघे होते : बाहेरून आलेले अध्यक्ष, रिटायर्ड प्राध्यापक, आणि आमचे प्रिन्सिपॉल. अध्यक्षांनी गठ्ठा चाळला.

"सातवा प्रश्न फेल गेलाय."

"सर, उत्तर न देणं हेच इथे उत्तर आहे," मी म्हणाले.

"वाक्य छान आहे. पण प्रश्नच वाईट असेल तर कोणीही कोराच ठेवेल. तुलना गट कुठे आहे?"

तुलना गट म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या प्रकारच्या माणसांना विचारणे. मग दोष प्रश्नात आहे की नाही ते कळते. आमच्याकडे तसा गट नव्हता. अध्यक्षांचे म्हणणे बरोबर होते, म्हणून मला जास्त राग आला.

"मग रजिस्ट्रेशनचं बघावं लागेल," प्रिन्सिपॉल म्हणाले. त्यांना पुढची मीटिंग होती.

मनालीने पिशवीतून दोन कोरे फॉर्म काढले. "सर, तुमीच भरून बघा ना. गुरुद्वाऱ्याच्या जागी कॉलेज धरा."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. पेनाचे टोपण काढले.

दोघेही लिहू लागले. थोड्या वेळाने प्रिन्सिपॉलनी विचारले, "मागच्या बाजूला लिहिलं तर चालेल?"

"चालेल, सर," मनाली म्हणाली.

"समित्या एकत्र लिहायच्या की वेगवेगळ्या?"

"वेगवेगळ्या," अध्यक्ष मान वर न करता म्हणाले. "मी वेगवेगळ्याच लिहिल्यात."

आणि त्यांचे पेन थांबले. त्यांनी स्वतःचा कागद वरपासून वाचला. मग पहिल्या सहा प्रश्नांकडे पाहिले. ते सहाही कोरे होते.

"पुरे आता, सर," ते प्रिन्सिपॉलना म्हणाले.

"एक मिनिट. वृक्षारोपण राहिलंय."

अध्यक्षांनी शेरा लिहिला : 'प्रश्न योग्य. कोरी उत्तरे ग्राह्य. तुलना गटात कॉलेजचे सर्व कर्मचारी घ्यावेत.' रजिस्ट्रेशन बचावले. आपला फॉर्म त्यांनी घडी करून खिशात घातला. माहिती गोपनीय ठेवायची असते, म्हणाले. प्रिन्सिपॉलनी मात्र आपला फॉर्म टाइप करून मिळेल का, अशी चौकशी केली.

तुलना गट गोळा करायला काहीच त्रास झाला नाही. स्टाफरूममधले लोक फॉर्म मागायला स्वतःहून आले. संशोधन करणाऱ्यांना एवढेच सांगते : फॉर्म छापण्याआधी तो कोण भरणार आहे ते पाहावे. कॉलेजासाठी सातव्या प्रश्नाला अख्खे पान ठेवावे लागते.