भंडारा न उचललेला राखणदार

डोंगरावरच्या त्या उपटलेल्या रोपांची केस आठवली की आजही माझं डोकं उठतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यात कुणीतरी एक दुष्ट असतो, निदान एक मूर्ख तरी असतो, आणि आपलं काम त्याला शोधण्याचं असतं. या केसमध्ये सगळेच शहाणे होते आणि सगळ्यांनी मिळून मूर्खपणा केला होता.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. शाहूवाडीच्या बाजूला, डोंगराळ भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होते. बांधावरची मारामारी, हातभट्टी, नदीवरच्या पाण्याच्या मोटारीची चोरी, असे तिथले नेहमीचे गुन्हे. पावसाळ्यात फोन बंद पडायचा आणि मुद्देमालाच्या खोलीत बुरशी चढायची. अशा दिवसांत वन खात्याची फिर्याद आली. डोंगरावर लावलेली सगळी रोपं रातोरात उपटून टाकली होती.

त्या भागात तेव्हा मोठा प्रकल्प चालू होता. उजाड डोंगरांवर पुन्हा जंगल उभं करायचं. पंचवीस-तीस गावांचा एकच आराखडा आणि पैसा परदेशी कर्जाचा. पैसे हप्त्यांनी यायचे. पहिल्या हप्त्यात खड्डे आणि रोपं. पाहणी पथकाला रोपं जगलेली दिसली, तर दुसरा हप्ता. पथक पुढच्याच आठवड्यात येणार होतं. एका गावात रोपं नाहीत म्हटल्यावर सगळ्या पट्ट्याचा हप्ता अडणार होता. त्यामुळे रोप कुणी उपटलं यापेक्षा अटक कधी दाखवता, हाच प्रश्न मला वरून रोज विचारला जायचा.

अटक करायला माणूस तयारच होता. गावचा सरपंच वन समितीचा अध्यक्ष होता. त्यानं फिर्यादीत संशयित म्हणून राखणदाराचं नाव घातलं होतं. राखणदार गावातल्या बौद्ध वस्तीतला, बारावी झालेला, समितीनंच नेमलेला तरुण. त्याच्याविरुद्ध काय आहे, असं मी सरपंचाला विचारलं.

"लई उलटं बोलतोय त्यो, बाईसाहेब."

"उलटं बोलणं हा गुन्हा असता तर आपलं निम्मं कोल्हापूर आत असतं. आणखी काय?"

"रात्री डोंगरावर त्योच असतोय की. दुसरं कोण उपटणार?"

राखणदाराला मी ठाण्यात चौकशीला बसवलं. तो खरंच उलटं बोलत होता.

"रात्री कुठं होतास?"

"घरात. असल्या पावसात रोपं चोरायला कोण येतंय?"

"मग उपटली कुणी?"

"तुम्ही पोलीस हाय का मी?"

आमच्या हवालदारांनी हात उचलला. मी त्यांना चहा आणायला पाठवलं. मग मला कळलं की या पोरानं वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज भरलाय. पळण्याची चाचणी पास झालाय, आणि वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची संधी. निवड झाली की चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात येणार. त्यावर गुन्ह्याची नोंद पडली की नोकरी गेली. आणि गुन्हा कसला, तर रोपं उपटल्याचा. वन खातं अशा माणसाला दारातही उभं करणार नाही.

"हे कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग माहीत असेल ते सांग."

तो भिंतीकडे बघत बसला. मला त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर पंचनामा केला. खड्डे रिकामे होते, पण एकही रोप मोडून पडलेलं नव्हतं. थोडं खाली, ओढ्याजवळच्या जांभळाखाली, सगळी रोपं सापडली. मुळं मातीसकट शाबूत, सावलीत ओळीनं ठेवलेली आणि मूठमूठ करून पिंजरानं, भाताच्या काडानं, बांधलेली. मी गडहिंग्लजकडची, शेतकऱ्याच्या घरातली. भाताचा तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं, बायका अशीच उपटतात आणि अशाच मुठी बांधतात. एकट्या पुरुषाचं हे काम नव्हतं. निम्म्या गावातल्या बायकांनी मिळून केलेलं होतं, आणि रोपं मरू नयेत इतकी काळजीही घेतली होती. असला गुन्हेगार मी पहिल्यांदाच बघत होते.

कारण शोधायला फार हिंडावं लागलं नाही. आराखड्यात त्या डोंगराची नोंद 'पडीक' अशी होती. गावाला विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं की तो गवताचा डोंगर आहे. दिवाळीनंतर तिथलं गवत कापून घरोघरी गंज्या लागतात, उन्हाळाभर म्हशी त्यावर जगतात आणि घर दुधावर चालतं. पण आराखडा करणाऱ्यांनी विचारलं नाही. आणि गावानं सांगितलं नाही, कारण खड्डे खणायची मजुरी मिळत होती. रोपं लागली, 'चराई व गवतकापणी बंद' असा फलक लागला, तेव्हा गावाला जाग आली. मग सभेत उभं राहून हरकत घ्यायची सोडून यांनी रोपं उपटली.

ठाण्यात परतले तर शेवटच्या एसटीचा कंडक्टर चहाला थांबला होता. तो म्हणाला, "मॅडम, उगा दमू नगा. त्या गावात कुणी त्वांड उघडणार न्हाय. देवळात भंडारा उचललाय समद्यांनी."

आमच्याकडे देवाचा भंडारा, देवापुढची हळद, हातात घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत. लोक कोर्टात गीतेवर हात ठेवून बिनदिक्कत खोटं बोलतात, पण भंडारा उचलला की संपलं. अख्ख्या गावात शपथेबाहेर होती ती फक्त बौद्ध वस्तीतली चार घरं. म्हणजे ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं, त्याच्याच गळ्यात सरपंचानं गुन्हा अडकवला होता.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "उद्या दुपारपर्यंत राखणदाराची अटक दाखवा आणि विषय संपवा."

सकाळी मी गावच्या शाळेत टेबल टाकलं आणि एकेक बाई आत बोलावली.

"रोपं कुणी उपटली?"

"मला न्हाय म्हाईत."

"रानात कोण गेलं होतं?"

"मी म्हशीसंगं हुते. म्हशीला इचारा."

अशा अकरा-बारा झाल्या. मग सरपंचाची आई आली. सत्तरीची, ताठ. खुर्ची नको म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"आजी, भंडारा उचललाय हे मला माहीत आहे. दुसऱ्याचं नाव घेऊ नका. स्वतःचं तरी सांगता येईल ना?"

"सोताचं बी न्हाय. तसंच ठरलंय. एकीचं नाव कळलं की तुम्ही तिच्याकडनं धा जणींची काढणार."

पोलिसांचा अनुभव असलेल्या माणसानं शपथ तयार केली होती, हे उघड होतं. माझा संयम सुटला. मी पेन आपटलं. "ठीक आहे. मग राखणदारानं केलं असं लिहिते. दुपारी अटक. त्याची भरती गेली. तुमच्या लेकानंच नाव दिलंय त्याचं."

म्हातारी झटकन उठली. "माझ्या लेकानं?"

"फिर्यादीत आहे. वाचून दाखवू?"

"त्या पोरानं एक रोप उपटलेलं न्हाय!" ती ओरडली. बाहेर ओसरीवर बसलेल्या बाया दाराशी गोळा झाल्या. "उलट आमास्नी रोज सांगत हुता, सभेत बोला, सभेत बोला म्हणून. त्यानं न्हाय केलं. लिव्ह पोरी, लिव्ह!"

मी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता थांबले. ही बाई शपथ मोडून बोलली नव्हती. भंडारा उचलला होता तो 'कुणी केलं' हे न सांगण्याचा. 'कुणी नाही केलं' यावर कुणी काहीच ठरवलं नव्हतं.

"आजी, भंडाऱ्याला हे चालतं?"

तिनं थोडा विचार केला. "न चालाय काय झालं? जे न्हाय ते न्हाय."

मग मी सगळ्यांना पुन्हा आत घेतलं. प्रश्न एकच: राखणदारानं रोपं उपटली का? एकेक बाई "न्हाय" म्हणाली आणि अंगठा उठवून गेली. पुरुषांनीही सांगितलं. जबाबांचा गठ्ठा झाला. जाता जाता मी काही जणींना आणखी एक प्रश्न टाकून पाहिला. "आणि सरपंचाच्या आईनं?" त्यावर कुणी छताकडे पाहिलं, कुणाला खोकला आला, एकीला म्हैस आठवली. कुणी 'न्हाय' म्हणालं नाही.

सरपंच बाहेर उभा होता. आई त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "माझ्यासाठी दुसऱ्याचं पोर बळी देतोस व्हय रं? असलं दूध पाजलं न्हाय मी." त्यानंतर त्यानं 'संशय चुकीचा होता' असा पुरवणी जबाब निमूट दिला.

वन खात्याच्या साहेबांना डोंगरावर नेलं. ते म्हणाले, "पण नकाशात पडीक आहे." मी म्हटलं, "नकाशात म्हशी दाखवत नाहीत." आराखडा बदलायला वरची मंजुरी लागते, तरतूद वेगळ्या कामाची आहे, असं बरंच त्यांनी ऐकवलं. शेवटी जागेत किरकोळ बदल असं लिहून तीच रोपं ओढ्याच्या काठानं आणि वरच्या घळींमध्ये लावायचं ठरलं. गवताचा डोंगर सुटला. रोपं लावायला मजूर म्हणून कोण आलं? त्याच बायका, आणि मजुरी घेऊन. पथक आलं, झाडं बघून खूश झालं आणि पुढचा हप्ता सुटला. तपासाचं श्रेय वरिष्ठांनी घेतलं.

मी 'अ' समरी पाठवली. गुन्हा खरा, पण आरोपी निष्पन्न झाला नाही. पडताळणीचा कागद आला तेव्हा 'प्रतिकूल काही नाही' असं लिहून सही केली.

या केसनं मला इतकंच शिकवलं की गाव गप्प असलं म्हणजे गाव कबूल आहे, असं धरून कुठलीही योजना आखू नये. आणि आपला प्रश्न कुणी घेत नसेल तर त्याच त्याच प्रश्नावर ओरडण्यापेक्षा तो उलटा करून विचारावा. हे दोन्ही धडे साधे आहेत. ते शिकायला मला अख्खं गाव डोक्यावर घ्यावं लागलं, याचाच वैताग.

बऱ्याच वर्षांनी, मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर, तो राखणदार कोल्हापुरात भेटला. वनपाल झाला होता. नवीन गावात गेलो की आराखडा उघडायच्या आधी विचारतो, इथलं गवत कोण कापतं, असं म्हणाला. मी त्याला जुना प्रश्न विचारलाच.

"तू तर भंडारा उचलला नव्हतास. नोकरी जात होती. तरी नाव का सांगितलं नाहीस?"

"मॅडम, सुटून मला त्याच गावात जायचं हुतं. आणि म्हस माझ्या बी घरात हुती."

"आता तरी सांग, पुढं कोण होतं?"

तो हसला. "तुम्हाला म्हाईत न्हाय व्हय? मग 'अ' समरी कशाला पाठवली?"

मीही हसले. त्या अख्ख्या प्रकरणात भंडारा न उचलता गप्प बसलेले आम्ही दोघंच होतो.