वळणाची पोर

आपली मुलं दिसायला बरी नसती तरी आईनं चालवून घेतलं असतं, अभ्यासात कच्ची असती तरी चालवून घेतलं असतं. पण बिनवळणाची मुलं तिला खपली नसती. ती केमजवळच्या एका वाडीतून लग्न होऊन सोलापुरात आलेली. वडील गिरणीत सूतखात्यात होते आणि आम्ही चाळीतल्या एका खोलीत राहत होतो. हे एकोणीसशे तिसाच्या आगेमागे. शेजारी कारकून होते, मास्तर होते, दिवसभर खटाखट माग चालवणारी तेलुगू विणकर मंडळी होती. खेड्यातली म्हणून आपल्याला कुणी नावं ठेवतील, या धास्तीत आई जगायची, आणि त्या धास्तीचा सगळा भार थोरली म्हणून माझ्यावर पडायचा. पाय पसरून बसू नकोस. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस. मोठ्यांनी काही विचारलं तर मुकाट पुढं जाऊ नकोस, थांबून उत्तर दे. खाताना मचमच करू नकोस. दिवसभर हे चालायचं.

खाण्याच्या बाबतीत तर आमच्याकडं कायदेच होते. दुसऱ्याच्या घरी कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. ते पुन्हा 'घे की' म्हणाले की उजवा हात पुढं करायचा. घेतलं तरी तिथं तोंडात टाकायचं नाही. घरी आणायचं, आईला दाखवायचं आणि मग खायचं. "तितंच खाल्लं की हावरट दिसतं," आई म्हणायची. बरेच दिवस मला ते खरं वाटत होतं. मग हळूहळू ध्यानात आलं, की मास्तरांच्या घरून आणलेली करंजी मला खायला मिळते, विणकरांच्या घरून आणलेला चकलीसारखा मुरकूही मिळतो, फक्त कडेच्या खोलीतून आणलेला लाडू कधी मिळत नाही.

चाळीच्या कडेच्या खोलीत एक काकी राहायची. अक्कलकोटकडची. नवरा गिरणीत कामाला, अबोल माणूस. ती मराठी आमच्यासारखंच बोलायची, पण मुलांना हाक मारताना कानडीत "बा, बा" म्हणायची आणि हातावर काही ठेवताना "तगो" म्हणायची. तिची दोन्ही मुलं पाळण्यात असतानाच गेली होती. चाळीतल्या बायका हे सांगताना आवाज उतरवत, आणि "तिची नजर चांगली न्हाय" हे पुढचं वाक्य त्याहून हळू म्हणत. तिनं उचलून घेतलं आणि कुणाच्या मुलाला ताप भरला, ती पाळण्याशी येऊन गेली आणि कुणाच्या बाळानं दूध सोडलं, असं काहीबाही सांगितलं जायचं. ती नळावर आली की आया आपापल्या मुलांना हळूच पाठीमागं घेत. तोंडानं मात्र "या की काकी, भरा तुमची घागर" म्हणत.

शेंगदाण्या-गुळाचे लाडू ती फार सुरेख वळायची. नुसता वास दोन खोल्या पलीकडं यायचा. मी दारावरून गेले की "बा गं, बा" म्हणायची. मी 'नको' म्हणायची, ती 'तगो' म्हणायची, मग मी लाडू परकराच्या ओच्यात घालून घरी आणायची. आई तो माझ्या तोंडावरून ओवाळायची आणि मागच्या बाजूला जाऊन उकिरड्यावर टाकायची. तेवढ्यानं भागायचं नाही.

"खाल्लं न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"आ कर."

मी आ करायची आणि आई माझ्या तोंडात गुळाचा वास येतो का ते बघायची.

मी जात्याच संशयी. अजूनही आहे, सून चहा घेऊन आली की आधी हुंगते, आणि ती हसून सोडून देते. तेव्हा तर मला काकीचं काहीतरी उघडकीला आणायचंच होतं. ती लाडू वळताना मंत्र पुटपुटते का, ते ऐकायला मी एकदा तिच्या खिडकीखाली दबा धरून बसले. आणि खरोखरच ती आत कानडीत काहीतरी तावातावानं म्हणत होती. माझ्या अंगावर काटा आला. पुढं चाळीत राहून राहून कानडी कळायला लागलं तेव्हा समजलं, की त्या दगडासारखा गूळ दिल्याबद्दल दुकानदाराला घातलेल्या शिव्या होत्या. उकिरड्यावर टाकलेल्या लाडवावरच्या मुंग्या मरतात का, तेही मी जाऊन बघितलं. मेल्या नाहीत, उलट सगळं गणगोत घेऊन आल्या. पण मुंग्यांना नजर लागत नसेल, अशी मी माझी समजूत घातली आणि संशय तसाच ठेवला.

गंमत अशी, की काकीला माझं फार कौतुक. नळावर आईला म्हणायची, "तुमची पोर लई वळणाची हाय की! माझ्याफुडं एक घास तोंडात घालत न्हाई. आईला दावूनच खायाचं, म्हंजे काय! न्हाईतर बाकीची पोरं बघा."

आणि आई पदर सावरत म्हणायची, "ल्हान हाय अजून. शिकवायचं आपलं."

मी एकदा हिच्या तोंडाकडं बघायची, एकदा तिच्या. चांगलं वळण म्हणजे काय, त्याचा मला तिथं पहिल्यांदा वास आला, आणि तो वास मला आवडला नाही.

त्या सुमारास आईला दिवस गेले होते. काकीनं ते सगळ्यांच्या आधी ओळखलं. एकदा लाडू देताना मला म्हणाली, "आता तुज्या घरी बाळ येणार. माझ्या मांडीवर देईल न्हवं तुझी आई? एकडाव?" मोठ्यांच्या गोष्टीत लहानांनी बोलायचं नसतं, तेव्हा मी मान खाली घातली. मग तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि घरी गेल्या गेल्या मी गाल घासून धुतला.

पुढं एका सकाळी ती चुलीतली राख टाकायला उकिरड्यावर गेली. एरवी ती पलीकडच्या बाजूला टाकायची, त्या दिवशी कुत्री भांडत होती म्हणून आमच्या बाजूला आली. मी मोरीच्या भिंतीआडून बघत होते. तिनं टोपली खाली केली आणि तशीच वाकून राहिली. आदल्या दिवशीचा लाडू तिथं होता, त्याच्याही आदल्या दिवशीचा होता. मास्तरांच्या मुलांना दिलेलेही होते. तिनं पायानं सगळ्यावर राख लोटली आणि आत निघून गेली. आता ही सगळ्या चाळीशी भांडणार, शिव्याशाप देणार, असं मला वाटलं. मी दिवसभर घराबाहेर पडले नाही.

ती भांडली नाही. दोनचार दिवसांनी मला पुन्हा "बा, बा" म्हणाली. मी 'नको' म्हटलं. तिनं लाडू घेतला, त्याचा एक तुकडा मोडला, माझ्यासमोर स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला. मग बाकीचा माझ्यापुढं धरला.

"बघ, मी खाल्लं. मला काय झालं? आता तू खा."

मला तिचं म्हणणं लख्ख कळलं. पण संशयी माणसाला कळून काय उपयोग? माझ्या मनात आलं, करणी केली असेल तर ती माझ्याच भागात केली असणार, तिला तिची बाजू ठाऊकच असणार. मी लाडू ओच्यात घातला आणि घरी घेऊन आले.

घरी केमहून मावशी आली होती, आईच्या बाळंतपणासाठी. मी घडलं ते सगळं सांगितलं. आईचा पाराच चढला. "तोंडाला लावलेला हात पुन्हा लाडवाला? उष्टं देती ती पोरीला? ही कुठली रीत म्हनायची?" मावशी त्याच्याही पुढं गेली. "उष्टं चारून पोर बांधून घेत्यात अशा बाया," ती म्हणाली. काकीनं उचललेलं पाऊल तिच्यावरच उलटलं. दुपारपर्यंत सगळ्या चाळीत झालं, की कडेची काकी मुलांना उष्टं चारते. तरी ती तसंच करत राहिली. ज्याला ज्याला लाडू देई, त्याच्यासमोर आधी आपण तुकडा खाई. तिनं पाठ फिरवली की मुलं हसत. मी हसत नसे, पण खातही नसे.

भाऊ झाला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. सकाळी आईनं माझी वेणी घातली, परकर बदलला आणि बोलावणं करायला पाठवलं. दारोदार जाऊन एवढंच म्हणायचं, "संध्याकाळी बारशाला आईनं बोलावलंय." मावशीनं दारात गाठून सांगितलं, "कडंची खोली सोडायची. ध्यानात ठेव."

सोडायची म्हणजे कशी, ते कुणी सांगितलं नाही. काकी उंबऱ्यातच बसली होती. सकाळीच न्हालेली, केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतलं इरकली लुगडं. मांडीवर एक छोटी कुंची, तिच्या कडेला ती गोट शिवत होती. मी खाली मान घालून शेजारच्या दारावरून परत फिरणार, एवढ्यात ती म्हणाली, "कशाचं बोलावनं गं?"

मोठ्यांनी विचारलं तर मुकाट पुढं जायचं नाही. मी थांबले आणि पाठ केलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "येते म्हनावं."

घरी मला धपाटा बसला. "तुला सोड म्हणून सांगितलं होतं न्हवं?"

"तिनं विचारलं की. मग उत्तर नको द्यायला? तूच सांगतीस."

आईनं दुसरा धपाटा घातला. मावशीनं बाळाच्या गालावरची तीट पुसून पुन्हा लावली, पहिलीपेक्षा मोठी, आणि दाराआड वाटीत मीठमोहऱ्या काढून ठेवल्या.

संध्याकाळी काकी आली. दारात आलेल्या सवाष्णीला परत पाठवायची हिंमत आईत नव्हती. चार बायकांसमोर वळण तिलाही दाखवायचं होतं. तिनं हसून हळदीकुंकू लावलं, कुंचीचं तोंडभर कौतुक केलं आणि ती उचलून वरच्या फळीवर ठेवली. ती कुंची माझ्या भावाच्या डोक्याला कधी लागली नाही.

नाव ठेवून झालं. मग मावशीनं बाळ उचललं आणि एकेकीच्या मांडीवर द्यायला लागली. ज्या मांडीवर बाळ गेलं ती बाई कानशिलावर बोटं मोडायची, मग मावशी ते पुढचीकडं न्यायची. काकी भिंतीशी बसली होती. बाळ तिच्याजवळ आलं. मावशीचे हात तिच्यासमोर जेमतेम क्षणभर थांबले असतील.

"नको," काकी म्हणाली. "राहू द्या. माझं हात गार हायत."

मी आईकडं बघितलं. पहिल्या 'नको'ला नको समजायचं नसतं, हे मला बोलता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलेलं. आता कुणीतरी 'घ्या की' म्हणणार, आणि काकी हात पुढं करणार. तिनं पदराखाली हात चोळून चोळून ऊन केलेले मला दिसत होते. आई सुपारीचं तबक नीट करत होती. मावशीनं बाळ पुढच्या बाईच्या मांडीवर ठेवलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अजून तिला दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. पण मोठ्यांच्यात बोलायचं नसतं, तेव्हा मी काही बोलले नाही. आईचा मला फार राग आला.

शेवटी सगळ्यांना उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या. बायका तिथंच खात बसल्या. काकीनं एकही दाणा तोंडात घातला नाही. पदराच्या टोकात घुगऱ्या बांधल्या, आईला "येते" म्हणाली आणि गेली. ती उंबऱ्याबाहेर पडते न पडते तोच मावशीनं दाराआडची मीठमोहऱ्यांची वाटी उचलली.

रात्रभर माझ्या मनात एकच किडा वळवळत होता. तिनं तिथं खाल्लं नाही, घरी नेलं. आम्ही तरी दुसरं काय करत होतो? ती आमच्या घुगऱ्या ओवाळून टाकणार. टाकायलाच हव्यात. गिरणीचा पहिला भोंगा झाला तशी मी उठून उकिरड्यावर गेले. काडीनं राख उकरली, दोन्ही बाजू बघितल्या. आमच्या घुगऱ्या तिथं नव्हत्या.

परत फिरले तर काकी आपल्या उंबऱ्यात बसलेली. तिनं मला उकरताना बघितलं असणार. नवरा आत डबा भरत होता, त्याच्याही डब्यात तिनं मूठभर घुगऱ्या घातल्या होत्या. उरलेल्या तिच्या मांडीवर, पदरात होत्या आणि ती एकेक दाणा सोलून खात होती.

"बा," ती म्हणाली.

मी जवळ गेले. तिनं तळहातावर थोड्या घुगऱ्या घेतल्या. आमच्याच घरच्या, माझ्या आईनं आमच्याच चुलीवर उकडलेल्या. त्यांत कुणाला कसली शंका येणार होती? तरी तिनं आधी एक दाणा उचलला, माझ्याकडं बघत स्वतःच्या तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि मग हात पुढं केला.

मी 'नको' म्हटलं नाही. तिथंच तिच्या उंबऱ्यात, तिच्यासमोर उभी राहून खाल्ल्या.