डाव्या हातावरचे केस

"मिशी काढ," मालक म्हणाले.

मला वाटलं, ते स्वतःच्या मिशीबद्दल बोलताहेत. मी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून पुढे सरकलो. त्यांनी पायानेच मला मागे लोटलं.

"मायी नाही बे. तुयी."

ओसरीवर सात-आठ जण चहा पीत बसले होते. धानाची रोवणी आटोपलेली, सगळे निवांत. मी खाली अंगणात, पोत्यावर उकिडवा. त्या घराची एक रीत आहे. दाढीच्या आधी न्हाव्याने वस्तऱ्याची धार स्वतःच्या डाव्या हातावर दाखवायची. केस उडाले की मालक मान हलवतात, मग साबण लागतो. त्या दिवशी केस उडाले नाहीत. वस्तरा वरून घसरला आणि केस नुसते आडवे झाले. मी दुसऱ्यांदा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. कोणीतरी म्हणालं, न्हाव्याच्या घरात भाजी कापाचा वस्तरा आला काय? सगळे हसले. आणि मग मालक ते बोलले.

मी काढली. साबण नाही, पाणी नाही. बोथट वस्तऱ्याने कोरडी मिशी निघत नाही, उपटली जाते. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं की दुसरं कसलं, मला तेव्हा कळलं नाही. ओठ कापला, रक्त पोत्यावर पडलं. अर्धी मिशी निघेपर्यंत सगळे हसत होते. उरलेली अर्धी निघेपर्यंत युरियाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं, तरी मी काढत राहिलो. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लाजवते.

मी न्हाव्याचा. साकोलीच्या बाजूचं आमचं गाव. नऊ वर्षं मी नागपुरात सलूनमध्ये काम केलं. तिथे काच, थंड हवा, आणि दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड. अर्धं ब्लेड मोडायचं, लावायचं, काम झालं की फेकायचं. धार लावायची असते, हे मी विसरूनच गेलो होतो. मग बाबांचा हात थरथरायला लागला आणि मी गावी परत आलो. रस्त्याच्या कडेला त्यांचं टिनाचं दुकान होतं. एक खुर्ची, एक आरसा. दुकान बाबांचं, पण त्याखालची जमीन मालकांची. आमच्या भागात मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली म्हणतात. गावाला विचारा.

मालकांना ब्लेड चालत नव्हतं. त्यांच्या गळ्यावर पुळ्या येतात म्हणे. बाबांचा जुना लोखंडी वस्तरा पाहिजे, तोही बुधवारी आणि रविवारी, त्यांच्या अंगणात. म्हणून बत्तिसाव्या वर्षी मी वस्तऱ्याला धार लावायला शिकायला बसलो.

बाबा खाटेवरून सांगायचे. दगड ओला ठेव. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकू दे. दगडावर धार पुढे न्यायची, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे न्यायची. पहिल्याच आठवड्यात मी उलटं केलं आणि पट्ट्यावर वीतभर चीर पाडली. बाबा रागावले नाहीत. त्यांचं एकच म्हणणं होतं: "वजन देऊ नोको. वस्तऱ्याचंच वजन पुरते."

पण माझ्या हाताला वजन होतंच. बुधवार आला की पहाटेच दगड काढून बसायचो. वस्तरा बोथट राहिला तर ओढेल, मालक लाथ मारतील. जास्त लागला तर कापेल, मग काय करतील याचा विचारच नको वाटायचा. गळ्याच्या घाटीवरून वस्तरा नेताना मी श्वास घेत नव्हतो. दगडासमोर बसलो की हीच भीती मनगटात उतरायची आणि मी दाबून घासायचो. जितका भ्यायचो तितका दाबायचो. मला वाटायचं, मेहनत करून राहिलो.

त्या दिवशी सकाळीही मी असाच घासला होता. घरी डाव्या हातावर फिरवून पाहिला तर केस भुरभुर उडाले. मी खूश. मला माहीत नव्हतं की दाबून घासलं की धारेवर एक पातळ खोटी धार उभी राहते, चॉकलेटच्या चांदीसारखी. ती एकदा कापते. दुसऱ्यांदा वाकते. माझं ते 'एकदा' घरीच संपलं होतं.

दुपट्ट्याने तोंड झाकून मी घरी आलो. आईने पाहिलं आणि आत निघून गेली. बाबांनी दुपट्टा बाजूला करायला लावला. 

"मायी दोनदा काढली होती त्याहीनं," ते म्हणाले. "तू लहान होता. येते वापस."

वासराला शिंग फुटतं, तसं सांगितलं त्यांनी. येते वापस. मला ओरडायचं होतं, पण ज्यांच्यावर ओरडायचं ते इथे नव्हते, आणि जे होते ते खाटेवर थरथरत होते. मी त्यांचा डावा हात हातात घेतला. कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत. लहानपणी मी त्या हातावरून गाल फिरवायचो. मला वाटायचं, न्हाव्याचा हात असाच असतो, मोठा झालो की माझाही होईल. होतच आला होता.

"बाबा, धार हातावरच पाहा लागते काय?"

"नाही. आपल्यात केसावर पाहत. डोस्क्याचा एक केस धराचा आन धारेवर सोडाचा. हाताचा कायदा त्या घरानं लावला. मालकाच्या बापानं."

"मंग तुमी घरी बी हातावर काहून पाहत होते?"

बाबांनी हात काढून घेतला. म्हणाले, सवय झाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी आईजवळ केस मागितले. विंचरताना गळलेले केस ती भिंतीच्या कोनाड्यात गुंडाळून ठेवते, केसांवर भांडी देणारी बाई आली की देते. त्या केसांवर तिला पातेलं घ्यायचं होतं. तिने माझ्या ओठाकडे पाहिलं आणि अख्खा पुंजका माझ्या हातात ठेवला.

मालकांकडे निरोप पाठवला की मला ताप आहे. तीन आठवडे ताप ठेवला. खोटा निरोप, पण भीती खरी होती, रोज वाटायचं की कोणी बोलवायला येईल. मी दगड ओला करायचो, वस्तरा ठेवायचो आणि मनगट सोडून द्यायचो. सोडता येत नव्हतं. मालकांचा पाय आठवला की हात आपोआप जड. मग उठायचो, पाणी प्यायचो, परत बसायचो. पट्ट्यावर परजायचो. केस धारेवर सोडायचो, तो बाजूने घसरून जायचा. कितीदा गेला. एका दुपारी मी केस सोडला आणि तो पडलाच नाही असं वाटलं. खाली पाहिलं तर दोन तुकडे होते. आवाज नाही, झटका नाही. मी बाबांना दाखवलं. ते रडले. मला त्यांचं रडणं आवडलं नाही.

बुधवारी गेलो.  ओसरीवर तेच लोक, खाली तेच पोतं. रक्ताचा डाग वाळून काळा झाला होता. मी पोत्यावर बसलो नाही.

"हात दाखव," मालक म्हणाले.

"हात नाही दाखवत मालक. धार दाखवतो."

खिशातून आईचा केस काढला, वस्तरा उघडला, केस सोडला. दोन तुकडे अंगणात पडले. 

"हात दाखव म्हटलं ना."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा हात गळ्याशी गेला होता. त्यांनाही कळलं नसेल. आणि मला त्या घराची रीत तिथे उभ्या उभ्या समजली. ज्याला पोत्यावर बसवायचं, त्याच्याच वस्तऱ्याखाली आठवड्यातून दोनदा मान द्यायची. म्हणून आधी त्याचा हात खरवडून घ्यायचा. तो किती वाकलाय ते बघून मगच डोळे मिटायचे. तीन पिढ्या आम्ही त्यांची भीती आमच्या हातावर भादरत आलो.

मी वस्तरा मिटला.

"दाढी कराची असन तं दुकानात या. खुर्ची हाय."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी कदाचित खाली बसलो असतो. त्यांनी सावकाश विचारलं, "दुकान कोणाच्या जागेवर हाय?"

"तुमच्या," मी म्हणालो, आणि निघालो.

कोणी मागून येतं की काय म्हणून वळून बघायची हिंमत झाली नाही. घरी न जाता दुकानात गेलो. आरसा पोत्यात गुंडाळला, खुर्ची सायकलवर बांधली आणि त्यांनी फेकून द्यायच्या आत सगळं घरी आणलं. टिन राहिलं तिथेच. दुसऱ्या दिवशी ते पाडलेलं होतं.

आता खुर्ची आमच्या अंगणात आहे. मोठ्या घरांतलं कोणी येत नाही. मजूर येतात, टोलीवरची, गावाबाहेरच्या वस्तीतली पोरं येतात. कधी दिवसभर कोणीच येत नाही. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की मी हातातला वस्तरा थांबवून बघतो. आई म्हणते, साकोलीला जाऊन राहा. मी जात नाही.

मागच्या आठवड्यात त्या घराचा एक माणूस आला. ओसरीवर चहा पिणाऱ्यांतलाच. समजुतीने बोलला. मालक माफ करायला तयार आहेत, जागाही परत देतील, फक्त एकदा येऊन हात दाखव, चारचौघांत, एकदाच.

मी बाही वर सारली. डाव्या हातावर केस आलेत आता, काळे, दाट. 

"मालकाले सांगजा," मी म्हणालो, "हात पाहून घ्या. याच्यावरचे केस आता निघत नाहीत."

भीती जाईल असं मला वाटत नाही. ती राहू दे. हा हात कापला गेला तर गेला, पण भादरला जाणार नाही.