अमावस्येची दोन वर्तुळं

विजयमाला बाईंना वर्तुळांचं भारी वेड. गंगाखेडहून सकाळच्या एसटीनं गावच्या जिल्हा परिषद शाळेत पोचल्या, की पहिला खडू वर्तुळांवरच झिजायचा. एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं. एकात हे, दुसऱ्यात ते, आणि दोन्हीकडं बसेल ते मध्ये. चौथीच्या पोरांना सगळा धडा डोळ्यांनी दिसायचा. पुस्तक उघडलं की मान खाली घालणारी भक्तीसुद्धा या वर्तुळांपाशी घडाघडा बोलू लागली होती. बाईंना त्याचा कोण आनंद!

त्या शनिवारी बाईंना हुरूप जरा जास्तच आला. फळा सोडून त्यांनी शाळेच्या अंगणात रांगोळीनं वर्तुळं काढली आणि खऱ्याच वस्तू मांडल्या. 'हिरवं' मध्ये भेंडी, 'तिखट' मध्ये लाल मिरच्या, मधोमध हिरवी मिरची. कुठंच न बसणारं पिवळं लिंबू बाहेर. धडा फक्कड झाला. बाई मांडामांड तशीच टाकून एसटी धरायला पळाल्या. त्या दिवशी अमावस्या होती, हे एवढ्या शिकलेल्या बाईंच्या ध्यानातच आलं नाही. गावाच्या मात्र बरोबर आलं.

सोमवारी वर्गात पाचच पोरं. भक्ती नाही. दसऱ्याला गावातल्या मजुरांची टोळी ऊसतोडीला निघणार होती. गेल्या साली आईबापाबरोबर उसाच्या फडावर गेलेली भक्ती सहा महिन्यांनी वाचायचं विसरून आली होती. यंदा तिला गावातच ठेवा, हे सांगायला बाईंच्या हातात आठच दिवस उरले होते.

मधल्या सुट्टीत बाई तडक तिच्या घरी गेल्या. आजी कडूबाई पदर खोचून दारातच, मागं भक्ती.

"वो म्याडम, लिंबू-मिरच्या मांडून शाळंत उतारा करायलाव का? लेकरं त्येच्यावरून चालली!"

बाईंना आधी हसू फुटलं, मग स्वतःचाच राग आला. "आजी, चुकलं माझं," म्हणत त्यांनी चुलीतली राख मागून घेतली आणि अंगणातच दोन वर्तुळं ओढली. "हे गाव, हा फड. कुठं काय लागतं ते भक्ती, तू ठेव."

भक्तीनं पाटा गावात ठेवला, कोयता फडात. तवाही गावात ठेवला, तशी आजीला राहवेना. वीस वर्षं फडावरचं बिऱ्हाड बांधलेली बाई ती!

"आगं येडे, तवा मदी ठिव. दोनीकडं लागतो!"

मग काय, घागर, ताडपत्री, बॅटरी, आजीच एकेक लावत सुटली. शेवटी दप्तर राहिलं. भक्तीनं ते गावात ठेवलं आणि स्वतः मध्ये जाऊन उभी राहिली, तव्याशेजारी.

शाळा गावात होती, पण फडावर धाकट्या भावाला भक्तीच सांभाळायची. पोरीचं उत्तर अगदी बरोबर होतं आणि बाईंना ते बघवेना.

कडूबाईनं दंडाला धरून तिला गावात ओढलं.

"हितं ऱ्हा. धाकटंबी हितंच ऱ्हाईल, आन मीबी. त्येला मी बगते. तुज्या बापाला काय सांगायचं ते मी सांगते."

आणि राखेची पर्वा न करता तिनं नातीशेजारी बसकण मारली.